निःशंक

'वऱ्हाडी मांजरांचा सामाजिक इतिहास' नावाचा ग्रंथ जगात कुठेही नाही. तो प्रणिता काळमेघ यांनी एका दुपारी टेबलाशी बसल्या बसल्या तयार केला होता. लेखक अ. स. नाहीकर, साल १९७१, पृष्ठं तीनशे बारा. धामणखेडच्या महाविद्यालयात त्या सत्तावीस वर्षं ग्रंथपाल होत्या आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना 'ग्रंथालय व संशोधन कौशल्ये' हा दोन क्रेडिटचा विषय शिकवत होत्या. पहिला गृहपाठ दरवर्षी हाच. हे पुस्तक मिळवा, वाचा, दोन पानांत सारांश लिहा.

पूर्वी निम्मी मुलं सरळ थापा मारायची. उरलेली एकमेकांच्या थापा उतरवून काढायची. पण चार-दोन पोरं आठवड्याने तणतणत काउंटरवर यायची. "मॅडम, असं पुस्तकच नाही! उगाच फिरवलं आम्हाला!" हे ऐकलं की काळमेघ मॅडमना त्यांच्या हातावर पेढा ठेवावासा वाटे. ठेवायच्या मात्र नाहीत. "मग हे कळायला आठवडा लागला?" एवढंच म्हणायच्या. मुलं त्यांना पाठीमागे 'तळटीप मॅडम' म्हणायची, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

यंदा, म्हणजे २०४३च्या फेब्रुवारीत, बासष्टपैकी बासष्ट गृहपाठ वेळेत आले.

एकाने लिहिलं होतं, की नाहीकरांनी मांजरांच्या स्थलांतराचा सखोल वेध घेतला आहे. दुसऱ्याला त्यांची भाषा ओघवती वाटली होती. एका मुलीने तिसऱ्या प्रकरणातलं अवतरण पृष्ठ क्रमांकासकट दिलं होतं. वर्गात पहिली येणारी अन्वी गावंडे तर आणखी पुढे गेली होती. तिने नाहीकरांच्या दोन निष्कर्षांशी नम्रपणे असहमती नोंदवली होती.

एकोणीस गृहपाठ वाचून मॅडमनी चष्मा काढला. "मेंढरं," त्या मोठ्याने म्हणाल्या. "मेंढरंसुद्धा गवत हुंगून खातात." मग पुढचे त्रेचाळीस गृहपाठ न उघडताच त्यांनी बासष्टांच्याही पाठकोऱ्या बाजूवर लाल शाईने एकेक शून्य काढलं आणि गठ्ठ्याला दोरी बांधली.

या सगळ्याचं मूळ मुलांच्या कानामागे होतं.

कपाळाच्या मागे, मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या फटीत एक अरुंद पट्टी असते. माणूस काही चुकीचं करतो किंवा चुकीचं स्वीकारतो, तेव्हा सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत तिथे विजेची एक छोटी लाट उठते. चूक काय झाली हे माणसाला कळायच्या आधी ही लाट त्याला टोचते. भाजीवाल्याने उरलेले पैसे परत केल्यावर आपण दोन पावलं जाऊन थांबतो, काहीतरी खटकलेलं असतं, ते हेच टोचणं. दिवसातून शंभरदा हात धुणाऱ्या, दहादा कुलूप ओढून पाहणाऱ्या रुग्णांमध्ये ही लाट थांबतच नाही. त्यांच्यासाठी कुणा संशोधकांनी उपाय शोधला. दोन्ही कानांमागे शर्टाच्या बटणाएवढी एकेक चकती लावायची. त्यांतून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी निघतात, कवटीतून आत जाऊन नेमक्या त्या पट्टीवर एकत्र येतात आणि तिथलं टोचणं शांत करतात. रुग्णांचे हात कोरडे झाले, घरं हसू लागली. इथपर्यंत सगळं चांगलंच होतं.

पुढे एका कंपनीला परीक्षेच्या धास्तीने रडणारी मुलं दिसली. म्हणजे बाजार दिसला. त्याच बटणात तिने प्रश्नांची उत्तरं देणारं यंत्र बसवलं. मनात प्रश्न पुटपुटला की कानामागच्या हाडातून उत्तर ऐकू येई, आणि उत्तर ऐकू येत असतानाच शंकेचं टोचणं बंद होई. कंपनीने त्याला 'निःशंक' असं नाव दिलं. दोन वर्षांत विद्यार्थी, प्राध्यापक, ग्रामसेवक, तहसीलदार, सगळ्यांच्या कानांमागे बटणं आली. निकाल वाढले. झोपा सुधारल्या. चुका कमी झाल्या असं मात्र कुणी म्हणत नव्हतं. चुका होतात की नाही, हे विचारायला ज्या गोष्टीची गरज असते, तीच तर शांत केलेली होती.

"बासष्ट शून्यं, मॅडम?" प्राचार्य पंकज बोंडे यांनी बोलावून घेतलं. "विद्यापीठ काय म्हणेल?"

"विद्यापीठाला विचारा, नाहीकर कोण ते."

बोंडे सरांनी डोळे किंचित मिटले. ओठ हलले. मग प्रसन्न चेहऱ्याने ते म्हणाले, "विदर्भातले ज्येष्ठ लोकसाहित्य अभ्यासक. १९८८ साली वारले."

"देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो," काळमेघ मॅडम म्हणाल्या आणि उठल्या.

"एक मिनिट, मॅडम. नियम आहे. शून्य द्यायचं तर प्रत्येक गृहपाठावर कारण लिहावं लागतं. तेवढं करून गठ्ठा ऑफिसला द्या."

मॅडमनी गठ्ठा कपाटात टाकला आणि तीन आठवडे त्याकडे पाहिलं नाही.

मार्चच्या मध्यात ऋतुजा ठोंबरे काउंटरवर आली. ती वर्गातली सगळ्यात कंटाळवाणी मुलगी आहे, असं मॅडमचं ठाम मत होतं. एकच गोष्ट तीनदा विचारायची. कपाटातून चुकीचं पुस्तक काढायची, परत ठेवायची, पुन्हा तेच काढायची. बारा महिने ओढणी कानांवरून घट्ट गुंडाळलेली. बोलणं थेट गावाकडचं.

"मॅडम, एक विचारू का?"

"नाही म्हटलं तर थांबणार आहेस?"

ऋतुजा थांबली. मग धीर करून म्हणाली, "आमच्या सावळझिऱ्याचे नळ बंद पडले ना, तं पंचायत तो शाळेमागचा जुना हातपंप काढून तिथं मोटर बसवून राह्यली. बोंडे सरांनी कॉलेजकडून अहवाल द्यायले सांगितला. अन्वी लिहून राह्यली. यंत्र म्हणते पाणी चांगलं हाय. पण माही आत्या म्हणते, तो पंप पहिले लाल रंगाचा होता. लाल काऊन असंन, मॅडम?"

"कुणाकडे तरी लाल रंग उरला असेल."

"पण पिऊ नये म्हणून लाल मारतात ना? का नाही मारत? मले नक्की माहीत नाही..."

"नक्की माहीत नसेल तर आत्याला विचार. बासष्ट जणांनी मांजरांवर विद्वत्ता पाजळली, आता हातपंपावर पाजळा. जा."

ऋतुजा गेली. मॅडमनी तिच्या पाठीकडेही पाहिलं नाही.

आठवड्याने ऑफिसातून तिसरं स्मरणपत्र आलं, तेव्हा मॅडमनी चरफडत गठ्ठा सोडला आणि 'असा ग्रंथ अस्तित्वात नाही' हे वाक्य लिहायला सुरुवात केली. विसाव्यावर, तिसाव्यावर, चाळिसाव्यावर. आता कागद उघडावे लागत होते, म्हणून त्या उघडत होत्या. सत्तेचाळिसावा गृहपाठ एकाच पानाचा होता. सारांशाच्या जागी पत्र होतं.

'मॅडम, मला हे पुस्तक सापडलं नाही. बहुतेक माझंच काही चुकत असेल. आपल्या कॉलेजची यादी दोनदा पाहिली. तालुक्याच्या वाचनालयात गेले, तिथल्या काकांनी १९७१च्या दाखल वह्या काढून दिल्या. त्यात नाही. अमरावतीला मावसबहीण असते, तिला तिथल्या मोठ्या ग्रंथालयात पाठवलं. नाहीकर आडनावाचा एकही लेखक तिथे नाही. मला लहानपणी फिट यायच्या म्हणून डॉक्टरांनी बटण लावू दिलेलं नाही, त्यामुळे यंत्राला विचारता आलं नाही. आता कुठे पाहू ते सांगावं आणि मुदत वाढवून द्यावी. आपली विद्यार्थिनी, ऋतुजा ठोंबरे.'

पाठीमागे त्यांच्याच हातचं लाल शून्य होतं, अगदी गोल, घोटीव.

काळमेघ मॅडमनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. सत्तावीस वर्षं, दरवर्षी, ज्या एका वाक्याची वाट पाहिली ते या कागदावर तीन वेळा लिहिलेलं होतं, आणि त्यांनी ते उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. का पाहिलं नव्हतं? खात्री होती म्हणून. त्यांचा हात नकळत कानामागे गेला. तिथे कातडीशिवाय काही नव्हतं. ते जास्तच वाईट होतं.

ऋतुजा त्यांना कॉलेजच्या फाटकाशी एसटीची वाट पाहताना सापडली. माफी मागायची मॅडमना सवय नव्हती. त्यांनी ती एका दमात मागून टाकली. "तुझा गृहपाठ मी न वाचता शून्य दिलं. चूक माझी आहे."

ऋतुजाने विचार केला. "म्हंजे मुदत वाढवून भेटते का?"

"अगं, ते पुस्तकच नाहीये! तुझं बरोबर होतं."

"तुमाले पक्कं माहीत हाय?"

कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा काळमेघ मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या त्या पंपाचं काय झालं?"

"शुक्रवारी ग्रामसभा हाय. अन्वीचा अहवाल वाचतीन, अन् सोमवारी मोटर."

"आणि तपासायला नमुना पाठवला की नाही?"

"म्या म्हटलं तसं. सर म्हणे, खात्री असतानी तपासायचं कायले?"

मॅडमनी तिला परत आत नेलं. त्या दुपारी त्यांनी एकाच मुलीला जे शिकवलं ते बासष्ट जणांना दोन महिन्यांत शिकवलं नव्हतं. "उत्तराच्या मागे धावू नकोस," त्या म्हणाल्या. "हे उत्तर कुणाला माहीत असायलाच हवं होतं, त्याच्या मागे जा. पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे कुणाचं काम?"

"सरकारचं."

"सरकार म्हणजे कोण? सरकार ही काय एक बाई आहे?"

ऋतुजाने बोटं मोजत विचार केला. "विहिरी-बोअरची पाहणी करते ते ऑफिस. भूजलवाले."

"ते मोजून काय करतात? कागदावर लिहितात. कागदाच्या किती प्रती काढतात? त्या कुठे जातात?"

एक प्रत जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयात जात असे. धामणखेडची प्रत बोंडे सरांनी चार वर्षांपूर्वी इतर सरकारी अहवालांबरोबर जिमखान्याच्या खोलीत हलवली होती, सगळं 'स्कॅन झालंय' म्हणून. वजनं आणि फाटक्या व्हॉलीबॉलच्या जाळ्यांमागे पोत्यांत भरलेले अहवाल होते. मॅडम दोन पोती पाहून शिंका देत बाहेर आल्या. ऋतुजा मात्र एक पोतं पाहायची, भरायची, मग आपण नीट पाहिलं का अशी शंका येऊन पुन्हा उपसायची. याच सवयीची मॅडमना चीड होती. आणि अहवाल सापडला तो दुसऱ्यांदा उपसलेल्या पोत्यातच.

साल २००९. सावळझिरा, शाळेमागील हातपंप, फ्लोराइड, दर लिटरला ०.४८ मिलिग्रॅम.

ऋतुजाचा चेहरा पडला. "यंत्र बी हेच सांगते, मॅडम. दीडच्या आत असंन तं चांगलंच ना? म्हंजे माहंच चुकलं."

"थांब." मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पान डोळ्यांजवळ नेलं. आकड्याच्या खांद्यावर एक बारीक फुली होती, माशीच्या पायाएवढी. स्कॅन करणाऱ्याने ती घाण समजून पुसली असणार. तक्ता चार पानांचा होता. चौथ्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात, त्या फुलीची टीप होती. 'नमुना दहापट पातळ करून तपासला. प्रत्यक्ष प्रमाण दर्शवलेल्या आकड्याच्या दहापट.'

ऋतुजाने मनात गुणाकार केला. मग कागदावर केला. "चार पॉइंट आठ," ती हळूच म्हणाली. "म्हंजे बुढ्या लोकाइचे गुडघे..."

"हो. गुडघे, कणे, आणि पोरांचे दात."

शुक्रवारी सकाळी सावळझिऱ्याच्या शाळेच्या ओसरीवर ग्रामसभा भरली. मध्ये सरपंच किसनराव मोहोड, शेजारी ग्रामसेवक, बोंडे सर, हातात अहवाल घेतलेली अन्वी. सगळ्यांच्या कानांमागे बटणं होती. समोर शंभरेक माणसं होती, आणि कडेला रिकामे हंडे घेऊन बसलेल्या बाया. त्यांना बटणं देण्याची गरज कुठल्याच योजनेला वाटली नव्हती.

ऋतुजाबरोबर आलेल्या मॅडमनी जुना अहवाल सरळ अन्वीच्या हातात दिला. "वाच. ही फुली, आणि ही टीप. मोठ्याने."

अन्वीने स्वच्छ आवाजात वाचलं. अवघड शब्दांवरही अडखळली नाही. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे प्रमाण चार पूर्णांक आठ दशांश. मर्यादा दीड."

"मग?"

"मग काय, मॅडम? पाणी पिण्यास योग्य आहे."

अन्वी खोटं बोलत नव्हती. तिला आकडा दिसत होता, मर्यादा माहीत होती, दोन्हींची तुलनाही येत होती. फक्त दोन्ही एकत्र आल्यावर जे टोचायला हवं, ते टोचत नव्हतं. बोंडे सर मान डोलावत होते. ग्रामसेवक मान डोलावत होता. आजवर काळमेघ मॅडमना अशा चेहऱ्यांची किळस येत असे. त्या दिवशी प्रथमच भीती वाटली.

तरी जिभेची सवय जाते थोडीच. "बोंडे सर," त्या म्हणाल्या, "गाढवाला निदान खड्डा दिसला की ते थांबतं."

"मॅडम, भाषा सांभाळा," बोंडे सर शांतपणे म्हणाले. अपमानही त्यांना फारसा टोचला नसावा. "सरपंच साहेब, ठराव मांडा."

ठराव मंजूर होणार हे दिसत होतं. मॅडमची वाक्यं संपली होती. माणसांना तुच्छ लेखायला त्यांच्याकडे भरपूर शब्द होते, पण माणसांचं मन वळवायला एकही नव्हता. तेवढ्यात ऋतुजा ओसरीच्या कडेला, बायांच्या घोळक्याकडे गेली आणि सरपंचांकडे पाठ करून उकिडवी बसली.

"आत्या, मले नक्की माहीत नाही," ती म्हणाली. "पुस्तकात लिहेल हाय ते जुनं हाय. आता पाणी बदललं बी असंन. म्या म्हणते, बाटलीभर जिल्ह्याले पाठवू. आठ दिवसांत कागद येते. तवर टँकरचं पिऊ. चांगलं निघालं तं म्याच पहिला हंडा भरीन."

बायांत कुजबुज झाली. मग तिची आत्या, शकुंतलाबाई ठोंबरे, गुडघ्यांवर हात ठेवून उठली. उठायला तिला बराच वेळ लागला आणि सगळं गाव ते बघत राहिलं.

"शितावरून भात पाह्यतो आपण," ती म्हणाली. "घरात दूध आलं तं नाकाले लावल्याबगर लेकराले देत नाही. हे पाणी अख्ख्या गावाले पाजायचं, अन् आठ दिवस थांबवत नाही? किसन्या, तुह्या मायचे हातपाय वाकडे काऊन झाले, ते इचार त्या बटणाले."

सरपंचांनी खरंच विचारलं. ओठ हलले. मग त्यांनी बायांकडे नजर टाकली. बटणाने काय उत्तर दिलं ते कळलं नाही, पण कडेला बसलेल्या साठ बायांपैकी एकीलाही ते पटणार नव्हतं, एवढं त्यांना कळलं असावं. मतं ही गोष्ट सरपंचाला बटणाशिवायही मोजता येते. मोटर आठ दिवस लांबली.

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेचा कागद नवव्या दिवशी आला. पाच पूर्णांक एक दशांश.

पंपाला पुन्हा लाल रंग लागला. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात बोंडे सरांचा फोटो झळकला. 'महाविद्यालयाच्या अहवालामुळे गाव बचावले. निःशंक विद्यार्थ्यांची कामगिरी.' आतल्या मजकुरात ऋतुजाचं नाव नव्हतं. मॅडमचं होतं, तेही चुकीचं छापलेलं. पुढच्या वर्षापासून 'ग्रंथालय व संशोधन कौशल्ये' बंद करून त्या जागी 'उत्तर-व्यवस्थापन' हा विषय सुरू होणार, असं परिपत्रक एप्रिलमध्ये आलं. खाली बोंडे सरांची ऐटदार सही होती. मॅडमनी ते वाचलं, त्यातल्या शुद्धलेखनाच्या सात चुकांभोवती लाल शाईने गोल काढले आणि उलट टपाली ऑफिसला पाठवलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी अन्वी गावंडे ग्रंथालयात आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. कानांमागे दोन पांढुरके डाग होते, बटणं काढल्यावर राहतात तसे.

"बारा दिवस झाले काढून," ती म्हणाली. "प्रयोगशाळेचा आकडा वाचूनही मला काहीच खटकलं नाही, म्हणून काढून पाहिली. पहिले दहा दिवस काहीच झालं नाही. मग परवा भाजीला मीठ घातलं की नाही तेच आठवेना. आणि मग सगळंच सुरू झालं. त्या ग्रामसभेत मी ते वाचलं होतं, मॅडम. माझ्या तोंडाने वाचलं होतं. बारावीचे पेपर, सगळे प्रोजेक्ट, मी लिहिलेलं एकेक वाक्य... कशाचाच भरवसा वाटत नाही. उलट्या होतात. हे असंच असतं का?"

"असंच असतं."

"किती दिवस राहतं?"

"जन्मभर."

अन्वी काउंटरला धरून उभी राहिली. नाहीकरांच्या निष्कर्षांशी असहमत होणाऱ्या या पोरीसाठी मॅडमच्या जिभेवर एक झकास वाक्य तयार होतं, महिनाभर परजलेलं. त्यांनी तिच्या कानांमागच्या डागांकडे पाहिलं. मॅडमनी वाक्य गिळलं, आणि ते गिळताना घशाला चांगलंच खरचटलं. पलीकडच्या टेबलावर नोंदवही तपासत बसलेल्या ऋतुजाने न सांगता शेजारची खुर्ची मागे ओढली.

"बस," मॅडम म्हणाल्या. त्यांनी एक कोरा कागद अन्वीपुढे सरकवला. "रडायचं असेल तर आधी रडून घे. मग लिही. तुला कशाकशाची खात्री नाही, ते एकेक करून लिही. घाई नाही."

अन्वी लिहायला लागली. पाच वाजता तिने दुसरा कागद मागितला, आणि साडेपाचच्या बेलला तिसरा.